देवळातलं बोलणं

सातबाभळीत धोंडुबाईला नावानं हाक मारणारं माणूस आता फारसं उरलं नव्हतं. लहान-थोर सगळी तिला पलटणकाकू म्हणत. नवरा मिलिटरीत असताना ती त्याच्यासंगं तिकडं वर, जबलपूरला क्वार्टरमध्ये राहून आली होती. येताना तिनं एक काळी पत्र्याची पेटी आणली, दहा-पाच हिंदी शब्द आणले आणि कितीही मोठ्या साहेबापुढं पदर सावरून ताठ उभं राहायची सवय आणली. शेरडं दुसऱ्याच्या रानात घुसली की ती अजून "चलो, फटाफट!" म्हणून ओरडायची आणि विहिरीवरच्या बायका तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "काकूची शेरडंबी हिंदीच समजत्यात गं."

नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला. मूलबाळ नव्हतं. पेन्शनीसाठी तिनं साताऱ्याच्या सैनिक बोर्डाच्या इतक्या खेपा घातल्या, की पुढं माण तालुक्यातल्या कुठल्याही वाडीतला जवान गेला, जायबंदी झाला, की त्याची बायको आधी धोंडुबाईच्या दारात यायची. कुणाचं नाव पेन्शनीला लागायचं असायचं, कुणाची मनिऑर्डर सासराच परस्पर उचलायचा. धोंडुबाई चुलीवरचं उतरवून ठेवायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि तिच्यासंगं यष्टीत बसायची. निघताना मात्र बिरोबाच्या पायरीला हात लावल्याशिवाय तिचं पाऊल वाडीबाहेर पडायचं नाही. रविवार कडक धरायची, अमावस्येला अनवाणी देवाला जायची. जे काही आपल्या हातून होतं ते तोच करून घेतो, अशी तिची सरळ समजूत होती.

अशा बाईला किल्लारीच्या भूकंपानंतरच्या त्या चैत्रात एका जागी बसवेना झालं. जात्यावर बसली तर दळण अर्ध्यावर टाकून उठायची. पाणी आणायला गेली तर कळशी विहिरीवर विसरून यायची. शेजारणीनं विचारलं, "काकू, कुणाची वाट बघताय व्हय?" तर म्हणाली, "माझीच."

कारण होतं राणीचं.

राणी ही धोंडुबाईच्या भावाची, आप्पासोची पोर. माहेर सांगली जिल्ह्यात, आटपाडीच्या पलीकडं. सातवी शिकलेली, हसरी, मेंढरामागं रानोमाळ उन्हात पळणारी. आत्यानंच तिचं लग्न आपल्या सासरच्या भावकीत जमवलं होतं. धोंडुबाईचा चुलत दीर हरिबा, त्याचा थोरला आकाराम मिलिटरीत नायक होता. नोकरी सरकारी, पोरगा निर्व्यसनी, घर डोळ्यासमोरचं. आणखी काय बघायचं असतं?

सुट्टीवर आलेल्या जवानाला आपल्याकडं घरोघर जावयासारखं जेवायला बोलावतात. आकाराम घरोघर जेवला, पोराटोरांना सीमेवरच्या गोष्टी सांगितल्या, म्हाताऱ्यांना कँटीनची रम वाटली आणि घरात बायकोला बुटानं तुडवली. सासू म्हणायची, "सुट्टी संपंस्तवर सोस बाई. मंग धा म्हैनं तुझंच राज्य हाय." दुसऱ्या सुट्टीला तेच. नंतर त्यानं तिला झाशीकडं क्वार्टरला नेलं, तर तिथं सुट्टी संपायचा प्रश्नच उरला नाही. ड्यूटीवर जाताना तो बाहेरून कडी घालून जायचा. रात्रीचं जे व्हायचं ते राणीनं, सुट्टीला गावी आल्यावर, आत्याला एकदाच, भिंतीकडं तोंड करून, एका वाक्यात सांगितलं. धोंडुबाईनं ते पुन्हा विचारलं नाही. पण तेव्हापासून आकारामनं पाया पडायला वाकावं आणि हिनं पाय मागं घ्यावेत, असं होऊ लागलं.

तेव्हा धोंडुबाईनंच सैनिक बोर्डातून पलटणीच्या साहेबाकडं पहिला अर्ज घातला होता. अर्ज पोचला, आकारामला साहेबापुढं उभं राहावं लागलं आणि हरिबा घाईनं समझोता घेऊन आला. कसला समझोता, तर बेल-भंडारा उचलायचा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे बिरोबाच्या गाभाऱ्यात बसले. हरिबा, राणीचा बाप आप्पासो, गुंडा पुजारी, धोंडुबाई आणि पदराआड राणी. आकारामनं तळहातावर बेलाचं पान घेतलं. गुंडानं त्यावर देवापुढचा भंडारा, म्हणजे हळद, ठेवली. आकाराम देवाकडं बघून म्हणाला, "मी हिला मारलं. कोंडून घातलं. नको त्ये केलं. इथनं फुडं हिच्या अंगाला हात लावला तर बिरोबा माझं बघून घील." भंडारा कपाळाला लावला. आप्पासोच्या डोळ्यांत पाणी आलं. "चला, मिटलं," म्हणून हरिबानं मांडीवर थाप मारली. बाहेर येऊन सगळ्यांनी चहा घेतला. त्यात सगळ्यांत सुखावली होती ती धोंडुबाई. देवाच्या कानावर घातलंय, आता साहेबाची काय गरज? तिनंच राणीला अर्ज मागं घ्यायच्या कागदावर सही करायला बसवलं.

दिवाळी झाल्यावर राणी पुन्हा क्वार्टरला गेली. संक्रांतीच्या आसपास परत आली ती डावा हात गळ्यात बांधून. शेजारच्या क्वार्टरमधल्या चंदगडकडच्या एका जवानाच्या बायकोनं तिला गुपचूप गाडीत बसवलं होतं, संगं भाकरी बांधून. राणी सातबाभळीला उतरलीच नाही. सरळ आटपाडीकडं, माहेराला गेली.

धोंडुबाईनं तिला वडूजला बोलावून घेतलं आणि दोघी वकिलाकडं गेल्या. वकील महेंद्र बनसोडे. वय कोवळं, पण बाप सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, त्यामुळं मिलिटरीचे कायदे त्यानं घरातच ऐकलेले. कोर्टासमोर सायकलच्या दुकानावर माडी होती, तिथं तो बसायचा.

"मावशी," तो म्हणाला, "कोर्टातनं पोटगी लागेल ती मीठ-मिरचीलाबी पुरायची नाही. तीही कधी? तो सुट्टीवर आला तर समन्स लागणार. कोर्ट इथं, तो तिथं, आणि तारखा दोघांच्या मधनं चालल्या. म्हणून ते पण करू, पण आधी पलटणीलाच धरू. लष्करी कायद्यात जवानाच्या पगारातनं बायकोची पोटगी कापून द्यायची सोय आहे. तिकडं लपायला जागा नाही."

"मंग पयल्यांदा का न्हाई कापली?"

"अर्ज तुम्हीच मागं घेतलात की."

धोंडुबाईनं राणीच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडं पाहिलं.

महेंद्रनं नवा अर्ज केला. फाल्गुनात आकारामचं उत्तर आलं, ते त्यानं दोघींना वाचून दाखवलं. मी पत्नीच्या अंगाला कधीही हात लावलेला नाही. ती तापट आहे, तिला माहेरची ओढ आहे. मनगट मोरीत घसरून मोडलं. तसा दवाखान्याचा दाखला जोडला आहे.

"घसरून?" महेंद्रनं राणीला विचारलं.

"त्येनंच न्हेलं मला मिलिटरीच्या दवाखान्यात. डाक्टर हिंदीत इचारत हुतं, ह्यो शेजारी उभा राहून उत्तर देत हुता. मी काय बोलू?"

महेंद्र खुर्चीत पुढं झुकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "ताई, रात्रीचं तुम्ही सांगितलंत तेही मी अर्जात लिहिलंय. पण खरं सांगतो, नवऱ्यानं बायकोवर जबरदस्ती केली तर आपल्या कायद्यात तो गुन्हाच नाही. मी क्रूरपणा म्हणून मांडलंय. म्हणजे बाकीचं सगळं घट्ट पाहिजे. मारल्याचं, कोंडल्याचं. पलटणीनं आता साताऱ्याच्या बोर्डाला चौकशी करायला सांगितलंय. तो यात्रेला सुट्टीवर येतोय, त्याच वेळी दोघांनाही बोलावणार. साक्षीदार कोण आहे?"

"मी हाय की," धोंडुबाई म्हणाली.

"तुम्ही मारताना बघितलं?"

"न्हाई."

"मग? त्यानं कधी कुणापुढं कबूल केलंय का? आणि माहेरचं माणूस नको. माहेरच्यांचं म्हणणं हलकं धरतात. सासरच्या भावकीतलं पाहिजे. पहिल्या वेळी समझोता झाला म्हणता, तेव्हा तो काय बोलला?"

राणीनं आत्याकडं पाहिलं आणि लगेच नजर पायाच्या अंगठ्याकडं वळवली. "गावात बसून मिटवलं," एवढंच धोंडुबाई बोलली.

खाली उतरल्यावर राणी म्हणाली, "न्हाई सांगितलंस आत्या."

"तू तरी कुठं सांगितलंस?"

"मी सांगून काय उपेग? मी तर अर्ज करणारी. आन तुझा देव हाय त्यो."

त्यात टोमणा होता की नुसतं खरं होतं, हे धोंडुबाईला आटपाडीची यष्टी सुटून गेली तरी कळेना.

गोष्ट अशी होती. बेल-भंडारा उचलून जे बोललं जातं ते गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, असा त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक. माणूस देवापुढं उघडा होतो तो याच भरवशावर. भावाभावांतली चोरी, बांध कोरल्याची कबुली, परक्या बाईचं लफडं, सगळं तिथं ओकायचं आणि कपाळाला हळद लावून बाहेर यायचं. बाहेर त्याची वाच्यता करणाऱ्याच्या कुळावर देव रुसतो म्हणतात. धोंडुबाईनं उभ्या जन्मात तो दंडक मोडलेला कुणी पाहिला नव्हता. आणि राणीला वाचवायला तिच्याकडं जे एकच होतं, ते नेमकं त्या उंबऱ्याच्या आत पडलेलं.

म्हणून तिला बसवत नव्हतं. भाकरी थापता थापता ती आकारामचे शब्द मनात घोळवायची. 'मी हिला मारलं. कोंडून घातलं.' मग दचकून तव्यावरची भाकरी उलटायची, जणू कुणी ऐकलं. पुढं देवापुढं बसली तरी ओठांवर नाव यायच्या ऐवजी तेच शब्द यायचे.

शेवटी एका सकाळी ती गुंडा पुजाऱ्याकडं गेली. गुंडा देवळाच्या ओट्यावर बसून घोंगडीतली कुसळं काढत होता.

"या पलटणकाकू. आज काय हुकूम?"

"गुंडा, देवाला एक इचारायचं हाय. कौल लाव."

"इचारायचं काय?"

"त्ये माझ्या मनात हाय."

गुंडानं घोंगडी बाजूला सारली. "मनातलं मला कळतंय काकू. हरिबा काल यिऊन गेला माझ्याकडं. सातारला बोलावणं आलंय म्हणं. एक सांगतो, मी काय तिकडं येणार न्हाई. मला इचारलं तर मी म्हणणार, मला ऐकू येत न्हाई."

"येतंय की चांगलं."

"साहेबापुढं येत न्हाई," गुंडा म्हणाला आणि स्वतःच हसला. मग गंभीर झाला. "आवं, आज तुमी ह्ये भाईर काढलं तर उद्या कोण खरं बोलंल हितं? चोर काय फौजदारापुढं कबूल हुतोय? देवापुढं हुतोय. त्यो एक आडोसा हाय गरिबाला."

बोलणं खोटं नव्हतं. तेच तर दुखत होतं.

त्यानं कौल लावला. देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंनी फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. धोंडुबाई हात जोडून उभी राहिली. ऊन पायरी चढून आत आलं. गुंडाच्या दोन जांभया झाल्या. पाकळी ना ही पडली, ना ती.

"वाळून पडंल की कवातरी," गुंडा म्हणाला.

"मंग त्यो वाऱ्याचा कौल, देवाचा न्हवं," म्हणून धोंडुबाई पायऱ्या उतरली. वाटेत तिला रडू आलं, आणि रागही. उभ्या जन्मात पहिल्यांदा अशी नड घेऊन गेले, आणि तू तोंड मिटून बसलास?

बिरोबाच्या यात्रेच्या तोंडावर आकाराम सुट्टीवर आला. धोंडुबाईच्या घरी तो आला नाही, पण हरिबा आला. डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. धोंडुबाईनं पाणी दिलं, गूळ दिला.

"वैनी, पोराचं हवालदारीचं नाव लागलंय. असल्या येळी ही भानगड. नोकरीला डाग लागला तर उभ्या वाडीला खाली बघायला लागंल. तुमीबी मिलिटरीवाल्याच. तुमास्नी सांगायचं म्हंजी काय."

"माझ्या मालकानं माझ्यावर कवा हात न्हाई उचलला."

"आवं, त्येंची गोष्ट येगळी."

"का? त्येंची पलटण येगळी हुती व्हय?"

हरिबानं ते हसण्यावारी नेलं. पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि मनातलं बोलला. "हे बघा, मी तोड काढलीया. रविवारी पोरीला बोलवा. बिरोबाच्या म्होरं सगळी बसू. आकाराम परत भंडारा उचलतो. झालं-गेलं मिटवू, आन सातारला लिहून देऊ, आमचं मिटलं म्हणून."

धोंडुबाई चुलीपुढं बसली होती. तिच्या हातातली फुंकणी तशीच राहिली.

"परत उचलतो?"

"व्हय."

"त्याच गोष्टीसाठी?"

"मंग काय झालं? ह्या येळी त्यो पक्कं बोलंल. पायजे तर तुमी सांगाल त्या शब्दात बोलंल."

धोंडुबाई हळूच उठली. हरिबाला वाटलं, चहा ठेवायला उठली. ती दारात जाऊन उभी राहिली आणि बाहेर बघत म्हणाली, "भावजी, एका कामाला भंडारा एकदाच उचलत्यात. तुमच्या बानं बांध कोरल्यावर उचलला हुता, त्यो परत उचलावा लागला न्हाई. मरंस्तवर त्या बांधाकडं नजर टाकली न्हाई म्हाताऱ्यानं. आन तुमी दुसऱ्यांदा उचलतो म्हणताय, म्हंजी पयला मोडला, ह्ये तुमालाबी ठावं हाय."

हरिबाचा चेहरा उतरला. "तसं न्हवं वैनी—"

"तसंच हाय. राखलं तवर त्ये देवाचं. मोडलं तवा देवानं सोडून दिलं. आता त्ये नुसतं आकारामचं बोलणं हाय. माणसाचं बोलणं माणसाला सांगायला मी भिऊ कशाला?"

हे ती हरिबाला सांगत होती की स्वतःला, देव जाणे. हरिबानं पटका डोक्यावर ठेवला. उंबऱ्यात थांबून म्हणाला, "कुळाचं वाटोळं झालं तर आमच्या दारात येऊ नगा."

"माझ्या कुळात मी एकलीच हाय," धोंडुबाई म्हणाली.

एवढं बोलली खरी. निर्णय झाला म्हणजे जीव निवतो असं म्हणतात. तिचा निवला नाही. सातारला जाईपर्यंत ती तेच घोळत राहिली: आपण आपल्या सोयीचा धर्म तर काढला नाही ना?

सैनिक बोर्डाच्या कचेरीत मोठ्या टेबलामागं निवृत्त कर्नलसाहेब बसले होते. पांढऱ्या मिशा, मराठी साताऱ्याचीच. एका बाजूला आकाराम, कडक इस्त्रीचा शर्ट, आरशासारखे बूट. आत येताना त्यानं असा काही सलाम ठोकला, की धोंडुबाईचीही मान क्षणभर हलली. शेजारी हरिबा. या बाजूला राणी, महेंद्र वकील आणि धोंडुबाई. राणीनं मोडलेला हात पदराखाली घेतला होता. आकाराम तिच्याकडं बघतच नव्हता. धोंडुबाईकडं मात्र त्यानं एकदा पाहिलं आणि अदबीनं हात जोडले. त्याला खात्री होती. चुलती देवभोळी आहे. उंबऱ्याच्या आतलं ती बाहेर काढायची नाही.

साहेबांनी त्याला आधी विचारलं. त्यानं लेखी दिलेलंच पुन्हा सांगितलं. हात लावला नाही साहेब. गावात कसली बैठक झाली नाही. पहिला अर्ज तिनंच खोटा म्हणून मागं घेतला.

हरिबा म्हणाला, "व्हय साहेब. मी घरातच असतोय."

मग साहेब धोंडुबाईकडं वळले. "बाई, तुम्ही भावकीतल्या. आकारामनं बायकोला मारलं हे तुम्ही पाहिलंय?"

"डोळ्यानं न्हाई पाह्यलं साहेब."

आकारामचे खांदे सैल पडले.

धोंडुबाईनं पदर सावरला. मनात बिरोबाला म्हणाली, रुसायचं तर माझ्यावर रुस. आणि उघड म्हणाली, "पर त्येच्या तोंडनं ऐकलंय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यो म्हणाला, मी हिला मारलं, कोंडून घातलं—"

"काकू!" आकाराम खुर्ची मागं ढकलून उभा राहिला. "भंडाऱ्यावरचं बोलणं भाईर काढताय? देवाम्होरचं? जीभ झडंल तुमची!"

हरिबानं त्याची बाही धरून खाली ओढलं. पण तोंडातून गेलेलं तोंडात येत नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "कुठलं बोलणं, नायक?"

आकाराम ताठ उभाच राहिला.

"तू आत्ताच म्हणालास, बैठक झाली नाही. आता म्हणतोस, देवापुढचं बोलणं. बोललास काय तिथं?"

"साहेब," हरिबा मधे पडला, "त्ये आमचं देवाधर्माचं हाय. सरकारी न्हवं."

"म्हणजे झालं होतं," साहेब म्हणाले आणि लिहू लागले. धोंडुबाईला त्यांनी पुढचे शब्द पुन्हा विचारले. तिनं सांगितले, एकही इकडचा तिकडं न करता. 'नको त्ये केलं' म्हणताना मात्र तिचा आवाज गेला, तेव्हा राणीच म्हणाली, "नको त्ये केलं, असं म्हणाला त्यो. मी सांगते काय त्ये." आणि तिनं मान वर करून सांगितलं. आकारामनं बुटांकडं पाहिलं. हरिबा उठून बाहेर गेला.

"तुम्हाला काय पाहिजे?" साहेबांनी शेवटी राणीला विचारलं.

"मला परत त्या क्वार्टरला जायाचं न्हाई. आन माझं मला खायाला मिळावं. कुणाच्या हातनं नगो."

स्टँडवर महेंद्रनं दोघींना उसाचा रस पाजला. "मावशी, तुम्ही मला वडूजलाच हे सांगितलं असतंत तर माझ्या डोक्याचे केस वाचले असते," तो म्हणाला. धोंडुबाई हसली नाही. रसाचा ग्लास तिच्या हातात तसाच होता. आपण खरं केलं की वाईट केलं, हे तिला अजून ठरवता येत नव्हतं. यष्टीत बसल्यावरही ती खिडकीतून सारखी मागं वळून बघत होती, जणू काही कचेरीत विसरलंय.

वाडीनं तिला वाळीत टाकलं नाही. तेवढी हिंमत कुणाची नव्हती. पण ती देवळात शिरली की आतली माणसं बोलायची थांबत. यात्रेत गड्यांचं गजीनृत्य बघायला बायका तिच्याशेजारी उभ्या राहिल्या, पण अंतर ठेवून. गुंडा एकदा तोंडावरच म्हणाला, "काकू, औंदा एकबी माणूस भंडारा उचलायला आलं न्हाई. तुमी दुकान बंद केलंसा माझं." त्यातलं किती खरं आणि किती तिखट, हे ती घरी येऊन शेरडांना पाला टाकताना चघळत बसली. पावसाळ्यात एक शेरडू आजारी पडून मेलं, तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं, हा रुसलाच. दुसऱ्या क्षणी वाटलं, शेरडं काय मरत नाहीत?

गणपती झाल्यावर पलटणीचा हुकूम आला. आकारामच्या पगारातून पोटगी कापून थेट राणीच्या नावानं माहेरच्या पत्त्यावर मनिऑर्डर जायची. तिला क्वार्टरला पाठवायचा तगादा कुणी लावायचा नाही. हवालदारीचं नाव मागं पडलं. महेंद्रनं कागद वाचून दाखवला तेव्हा धोंडुबाईनं तो हातात घेऊन कपाळाला लावला, आणि तशीच आटपाडीची यष्टी धरली. तिला वाटत होतं, आता सुटलं. आता पोरगी सुखानं दोन घास खाईल, वर्षा-दोन वर्षांनी आकारामचं डोकं ठिकाणावर येईल, देव करंल तर पुढं गोडीनं नांदतीलसुद्धा. लग्नाची गाठ काय माणसानं मारलेली असते?

राणी एका डाळिंबाच्या बागेत खुरपत होती. हात बरा झाला होता, पण मनगट थोडं वाकडं बसलं होतं. आत्यानं बांधावर बसून सगळं सांगितलं. राणीनं ऐकून घेतलं. उडी मारली नाही, गळ्यात पडली नाही. खुरपं मातीत रोवून ठेवलं.

"आत्या, आता फुडचं. मला फारकत पायजे."

धोंडुबाई एकदम उठून उभी राहिली. "आगं, काय बोलतीस? सगळं मिळालं की तुला!"

"खायाला मिळालं. त्यो अजून माझा नवराच हाय की. उद्या नोकरी सोडून आला, दारात उभा राहिला, तर कुठला साहेब यील?"

"जातीत बसून काडीमोड—"

"जातीत न्हाई. देवळात न्हाई. कोर्टात." राणीचा आवाज चढला नव्हता. "आत्या, त्या दिवशी गाभाऱ्यात सगळ्यास्नी बोलायला मिळालं. त्येला, माझ्या बाला, मामंजीस्नी, तुला. ह्यो भंडारा उचलतोय, तर तुला चालंल का गं, असं मला एकानंबी इचारलं न्हाई. मी तिथंच बसलेली. इचारलं असतंसा तर न्हाई म्हणाली असती."

बागेच्या पलीकडून कुणी बाई राणीला हाक मारत होती. राणीनं हात वर करून थांब म्हणून सांगितलं आणि आत्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

धोंडुबाईच्या मनात पाच-पन्नास गोष्टी आल्या. गाठी देव बांधतो, ही एक. भावकीत तोंड कसं दाखवायचं, ही दुसरी. बाप काय म्हणंल, ही तिसरी. यातली एकही तिच्यानं बोलवली नाही. ती परत बांधावर बसली, पायातली वहाण झटकली, पुन्हा घातली, पुन्हा उठली.

"दम लागतोय आत्या? पाणी देऊ?"

"पाणी नगो." तिनं रस्त्याच्या अंगाला बघितलं. "वकील सोमवारी कोर्टात असतोय. वडूजला जायाला हितनं पयली यष्टी कवा हाय गं?"